धोट्याचं नाव

"वन्सं, पाट नीट पुसून घ्या," वहिनी म्हणाल्या. "देवीपुढं बसायचंय आपल्याला, कांदे चिरायला नव्हे."

मी पाट दुसऱ्यांदा पुसला. शुक्रवारची सकाळ होती आणि चिठ्ठ्या टाकायच्या म्हणून दादानं माग बंद ठेवले होते. आमच्या इचलकरंजीत माग बंद असले की माणसाला चुकल्याचुकल्यासारखं होतं. आम्ही सगळेच त्या खडखडाटात वाढलेले, त्यामुळे शांततेतही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. त्या सकाळी मात्र मला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं, म्हणून मी पाट पुसत बसले होते.

एकोणीस वर्षं झाली त्याला. धंद्याला नाव ठेवायचं होतं.

आमचा मूळ धंदा नवारीचा. खाटेवर विणतात ती जाड सुती पट्टी. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं ती विणली. पुढं खाटा गेल्या, दिवाण आले, आणि नवारीचं गिऱ्हाईक औषधालाही सापडेना. तेव्हा गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सुचवलं की याच नवारीचे कुत्र्यांसाठी गळपट्टे आणि दोऱ्या करून बघा, नायलॉननं कुत्र्यांची मान सोलते. आप्पांनी पहिली दोरी विणली ती आमच्या स्वतःच्या कुत्र्यासाठी. मी शिवली, दादानं कडी लावली. दोन वर्षांत निम्मे माग त्याच कामाला लागले. मग पुण्याच्या कटारियाशेठनी निरोप धाडला की माल पसंत आहे, रविवारी स्वतः येऊन बघतो, पण बिननावाचा माल मी दुकानात टांगत नाही.

आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. दादाला 'किंग डॉग बेल्ट्स' हवं होतं. नाव इंग्रजी असलं की माल आपोआप विलायती होतो, अशी त्याची समजूत होती. वहिनींना कुलदेवीचं नाव हवं होतं, 'चौंडेश्वरी पेट प्रॉडक्ट्स'.

"देवीचं नाव कुत्र्याच्या गळ्यात बांधतीस?" दादा म्हणाला.

"मग? कुत्रं काय देवीनं केलं न्हाई?" वहिनी म्हणाल्या.

मला विचारलं तेव्हा मी 'सोबती' म्हणून टाकलं. दादा म्हणाला, हे वृद्धाश्रमाचं नाव वाटतंय.

आणि आप्पा म्हणाले, "धोटा."

धोटा म्हणजे मागावर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत पळतो तो. आमच्या कुत्र्याचं नाव तेच होतं. पिल्लू असताना तो दोन मागांच्या मधल्या बोळातून दिवसभर इकडून तिकडे पळायचा, म्हणून आप्पांनी ठेवलेलं. तांबडा, गावठी, एक कान उभा आणि एक पडका. आई गेल्यावर आप्पा घरातल्या कुणाशी धड बोलत नसत, पण मागावर बसल्या बसल्या त्याच्याशी बोलत. त्याला जाऊन सात महिने झाले होते. जाऊन म्हणजे, घरातले सगळे म्हणत तसं, दोरी तुटून पळून जाऊन. आप्पा अजून रोज संध्याकाळी दाराबाहेर त्याच्या वाडग्यात भाकरी कुस्करून ठेवत आणि गल्लीच्या टोकापर्यंत शीळ घालत जात. सकाळी वाडगा मी घासायची. भाकरी मांजरं खाऊन गेलेली असायची, पण आप्पांना मी तसं सांगत नव्हते.

"पाकिटावर त्याचं चित्र काढायचं," आप्पा दादाला समजावत होते. "एक कान उभा, एक पडका. खाली नाव, आपला फोन नंबर. माल पुण्याला जाईल, मुंबईला जाईल. कुणीतरी बघंल आन् म्हणंल, आरं, ह्यो तर आमच्या गल्लीत आलाय."

"आप्पा, ते पाकीट हाय. हरवल्याची जाहिरात न्हाई," दादा म्हणाला, पण हळू म्हणाला.

धोटा कुठल्याच गल्लीत गेला नव्हता. तो मेला होता, आणि हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. त्याचं नाव, त्याचं चित्र, खाली नंबर. मग फोन येणार, आप्पा पिशवी घेऊन एसटीनं गावोगाव परक्याची तांबडी कुत्री बघायला जाणार, आणि मी त्यांना डबा बांधून देणार. ते मला बघवणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा मला माझीच भीती वाटत होती. चार वर्षांपूर्वी सासरहून मला आप्पांनीच आणलं होतं. काही न विचारता, टेम्पोत माझी पेटी आणि शिवणयंत्र घालून. त्या घरात माझं जे काही होतं ते आप्पांच्या जिवावर होतं. त्यांच्या नजरेतून उतरले असते तर मला दुसरं दार नव्हतं.

आमच्या घरात चौघांचं जुळलं नाही की देवीपुढं चिठ्ठ्या टाकायचा रिवाज आहे. चिठ्ठ्या लिहायच्या घरच्या लेकीनं. लेकीचा घरात वाटा नसतो, म्हणून तिचा हात निष्पक्ष, असं त्यामागचं शहाणपण. उचलायची सुनेनं. निघेल ते नाव पक्कं, आणि उरलेल्या चिठ्ठ्या न उघडता विहिरीत सोडायच्या. देवीच्या मनात काय नव्हतं हे कुणी वाचायचं नाही, असा नेम.

मी आतल्या खोलीत बसून चार चिठ्ठ्या लिहिल्या. किंग डॉग. सोबती. चौंडेश्वरी. चौथा कागद हातात घेऊन बसले. बाहेर वहिनी समईची वात सारखी करत होत्या. मी चौथ्या कागदावर परत 'चौंडेश्वरी' लिहिलं, चारही कागदांच्या सारख्या घड्या घातल्या आणि ताटात ठेवून बाहेर आणल्या. अक्षरसुद्धा बिघडलं नाही. याचं मला आजही नवल वाटतं.

वहिनींनी डोळे मिटून हात घातला, चिठ्ठी उचलली आणि दादाकडे दिली. त्यानं वाचली.

"चौंडेश्वरी," तो म्हणाला. "देवीनं स्वतःलाच मत दिलं."

वहिनी इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिथंच साखर वाटली. उरलेल्या तीन चिठ्ठ्या आप्पांनी मुठीत घेतल्या आणि विहिरीकडे गेले.

दुपारी मी मशीनवर बसले होते. माग सुरू झाले होते. त्या आवाजातून आप्पांची हाक आली, वरून.

"इंदे, वर ये."

"काय पाहिजे, आप्पा? खालनंच सांगा."

"वर ये म्हणतोय न्हवं."

सात महिन्यांत मी गच्चीवर गेले नव्हते. कपडे मागच्या दारी वाळत घालायचे, पापड ओट्यावर. वहिनी चेष्टेनं म्हणायच्या की वन्संना काळं पडायची भीती वाटते. मीही हसून घ्यायची. कधी दुपारी एकटी असले की मला डोक्यावरच्या स्लॅबवर त्याच्या नखांचा आवाज ऐकू यायचा, टकटक टकटक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मशीन जोरात चालवायची. थांबवलं की आवाज नसायचा, आणि मग मला ते जास्त वाईट वाटायचं.

मी जिना चढले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. आप्पा पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले होते. त्यांच्या मांडीवर तीन कागद उघडून ठेवलेले होते.

"आप्पा, त्या उघडायच्या नसतात."

"मला ठावं हाय. सत्तर वर्सांत कवा उघडल्या न्हाईत." त्यांनी एकेक कागद उचलून बोट ठेवून वाचला. त्यांची शाळा चौथीपर्यंतची. "किंग डॉग. सोबती. चौंडेश्वरी. आन् ताटातनं निघाली ती बी चौंडेश्वरी. देवी दोनदा आली, इंदे. धोटा एकदा बी न्हाई."

"चुकून झालं असेल."

"तू शिवणीत सूतभर चुकत न्हाईस."

खाली माग चालू होते आणि पायाखालची पायरी थरथरत होती.

"तुला त्याचं नाव का नको?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. भाजीत मीठ का कमी आहे असं विचारावं तसं. "आन् तू वर का येत न्हाईस?"

तेव्हाही काहीतरी बनवून सांगता आलं असतं. सात महिने बनवतच होते, सवय झाली होती. पण समोर टाकीचा तो लोखंडी पाइप होता, त्याच्यामागे गुडघ्याएवढा कठडा होता, आणि आप्पा नेमके त्या दोघांच्या मध्ये बसले होते.

"तो मेलाय, आप्पा."

त्यांनी कागद खाली ठेवले.

"तुम्ही आत्याच्या तेराव्याला सांगलीला गेला होता त्या दिवशी. दादा बकलं आणायला मिरजेला, वहिनी माहेरी. मी एकटी. तो शिवू देत नव्हता. शिवलेली टोकं ओढायचा, रंगवलेली नवार गल्लीत घेऊन जायचा. मला राग आला. मी त्याला वर आणून पाइपाला बांधला. आखूड. आखूड बांधला म्हणजे टाकीच्या सावलीत पडून राहील, असं वाटलं मला."

"मग?"

"त्यानं मागच्या बोळाच्या बाजूला कठड्यावरनं उडी मारली. पलीकडं लटकला. मी मशीनवर होते. मला ऐकू नाही आलं."

हे सगळं मी उभ्यानं सांगितलं. एक गोष्ट सोडून. त्या दुपारी गल्लीच्या टोकाला सायकलची घंटी दोनदा वाजली होती. आप्पा बाहेरून आले की टोकालाच अशी दोनदा वाजवत, आणि धोटा असेल तिथून उडी मारून धावायचा. मलाही तेच वाटलं होतं, आप्पा लवकर कसे आले. मी उठून दार उघडलं. कुणीतरी भाजीवाला होता. मी दार लावून परत मशीनवर बसले आणि आणखी तासभर शिवत राहिले. हे मी आप्पांना तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

"वर आले तेव्हा संपलं होतं," मी म्हणाले. "मी त्याला वर ओढून घेतला. पोत्यात घातला. दादाच्या लूनावर पुढं ठेवून ओढ्याकडं नेला. आणि मग परत येऊन दोरी तोडली. तुम्हाला दाखवायला."

सात महिने मी मनाशी एक गोष्ट जपून ठेवली होती. कधी सांगायची वेळ आलीच, तर आप्पांना देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

"आप्पा, तुमची नवार तुटली नव्हती. एवढं मोठं जनावर लटकलं तरी एक धागा हलला नाही. मी कठड्याच्या धारेवर घासत होते, घासत होते, तरी तुटेना. तुमच्या विणीत काही खोट नव्हती."

"ते मला त्याच दिवशी कळलं," आप्पा म्हणाले.

मला कळेना ते काय म्हणताहेत.

"तुटलेलं टोक आन् घासलेलं टोक मला वळखू येत न्हाई व्हय? चाळीस वर्सं दुसरं काय केलं मी? तुटल्यावर धागं लांबआखूड निघत्यात. तुझ्या टोकाचं सगळं धागं एका वळीत."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मला वाटलं, तुला त्याचा जाच व्हायचा, दिलास कुणाला तरी. म्हटलं असू दे. जीव तर हाय कुठंतरी. आज ना उद्या आपणहून सांगशील, न्हाईतर त्योच येईल हुडकत." त्यांनी पाइपावर हात ठेवला. "सासरचं तरी तू कवा सांगितलंस? मी इचारलं न्हाई. हे बी न्हाई इचारलं."

मी पायरीवर खाली बसले. मला वाटत होतं की मी त्यांना त्यांची नवार परत देतेय. ती त्यांच्याजवळच होती. मी फक्त कुत्रा काढून घेतला होता, दुसऱ्यांदा.

आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. बराच वेळ टॉवेल तोंडावरून हलला नाही. मग त्यातूनच त्यांनी विचारलं, "लई वेळ लागला का गं त्याला?"

"नाही," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

"कुठं पुरलास?"

"ओढ्याकाठी. करंजाच्या बुंध्याशी."

"खोल?"

"गुडघ्याच्या वर आला खड्डा. जास्त जमलं नाही मला."

"मीठ घातलंस?"

जनावर पुरताना मीठ घालतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी मान हलवली. ते त्यांना सगळ्यात जास्त लागलं हे मला दिसलं.

मग त्यांनी तिन्ही कागद गोळा केले, बारीक फाडले आणि सदऱ्याच्या खिशात घातले.

"उद्या परत चिठ्ठ्या लिही," ते म्हणाले. "चारी कागदांवर त्याचंच नाव घाल."

"आता कशाला, आप्पा? आता तर कुणाचा फोन यायचा नाही."

"म्हणूनच. जित्याला हाक मारत्यात. मेलेल्याचं नाव ठेवत्यात."

शनिवारी सकाळी आप्पांनी दुकानातून दोन किलो खडे मीठ आणलं. पिशवी सायकलला लावली आणि मला म्हणाले, चल. मी पुढं चालत होते, ते मागून सायकल ढकलत येत होते. जागा दाखवली. त्यांनी वरची माती हातानं सारली, खोल नाही, थोडीशीच, आणि मीठ पसरून परत माती ओढली. मी मदतीला वाकले तर म्हणाले, राहू दे.

घरी आल्यावर त्यांनी दादाला सांगितलं की पाटाखाली एक चिठ्ठी सापडली, ती देवीपुढं आलीच नव्हती, तेव्हा कालचं धरायचं नाही. वहिनींचा चेहरा उतरला. पण देवीच्या कामात खोट राहू नये हे त्यांनाही पटत होतं. परत समई लागली. मी आत बसून चार वेळा एकच नाव लिहिलं. वहिनींनी डोळे मिटून हात घातला.

"धोटा," दादानं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "पुण्यातल्या माणसाला काय कळणार हाय?"

"तुम्ही गप्प बसा," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आप्पांच्या मनातलं देवीनं ऐकलं. काल उगीच न्हाई चिठ्ठी खाली पडली."

उरलेल्या तिन्ही घेऊन आप्पा विहिरीकडे गेले. या खेपेला त्या खरंच पाण्यात पडल्या असणार. देवीपुढं आयुष्यात एकदा आप्पांनी लबाडी केली, आणि ती माझ्या अक्षरात.

रविवारी अकराच्या सुमारास कटारियाशेठ आले. पांढरा सफारी घातलेला बुटका माणूस, बोलायला मोकळा. त्यांनी प्रत्येक दोरीचं एक टोक पायाखाली धरलं आणि दुसरं दोन्ही हातांनी खेचलं. शिवणी नखानं उचकटून बघितल्या. मी आत चहा गाळत होते आणि कान बाहेर होते.

"माल एक नंबर," ते म्हणाले. "नाव काय ठरलं?"

"धोटा," दादा जरा ओशाळून म्हणाला.

"वेगळं आहे. लक्षात राहील. कुणाचं नाव?"

"आमचा कुत्रा होता, शेठ. याच पट्ट्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणा. पुढं पळून गेला."

"पळाला न्हाई," आप्पा म्हणाले. "मेला."

मी ट्रे घेऊन दारात आले होते. दादा आप्पांकडे बघत राहिला. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या सरळ झाल्या. मला वाटलं, झालं. आणि सांगते, माझ्या छातीवरचं ओझं त्या एका शब्दानं निम्मं उतरलं. सांगू देत. दादा ओरडेल, वहिनी महिनाभर टाकून बोलतील, कदाचित घराबाहेरही काढतील. पण ते संपेल.

"मी सांगलीला निघालो हुतो," आप्पा शेठना सांगत होते. "पहाटंची गाडी. मागनं येऊ नये म्हणून जाताना त्याला गच्चीवर पायपाला बांधला. आखूड बांधला. कठडा ठेंगणा, माझ्या ध्यानात आलं न्हाई. त्यानं उडी मारली आन् पलीकडं लटकला. नवार तुटली असती तर वाचला असता. न्हाई तुटली."

"आप्पा, काय बोलताय?" दादा म्हणाला. "दोरी तुटलेली मी बघितलीया."

"ती इंदीनं घासून तोडली. मला कळू नये म्हणून. एकटीनं त्याला खाली घेतला, एकटीनं नेऊन पुरला. सात म्हैनं पोटात ठेवलं पोरीनं, बापाला लागू नये म्हणून. परवा मी खोदून खोदून इचारलं तवा बोलली."

यातलं बहुतेक सगळं खरं होतं. बांधणारा हात तेवढा बदललेला होता.

ते माझ्याकडे बघत नव्हते. हातातल्या दोरीची शिवण चाचपत होते. मला त्या क्षणी आप्पांचा राग आला, असा राग की डोळ्यांपुढं अंधारी आली. माझं होतं ते. वाईट होतं, पण माझं होतं, आणि त्यांनी ते चार माणसांत माझ्याकडून उचलून घेतलं होतं.

"आप्पा, मीच—" मी म्हणाले.

"चहा गार हुतोय, इंदे," आप्पा म्हणाले. "शेठला दे."

वहिनींनी माझ्या हातातला ट्रे घेतला, खाली ठेवला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. चार वर्षांत त्यांनी मला असा हात लावला नव्हता. "वन्सं," त्या म्हणाल्या, "एकटीनं केवढं सोसलं तुम्ही." दादा उठून मोरीकडे गेला आणि उगीचच तोंड धुऊन आला.

कटारियाशेठही हेलावले होते, पण धंद्याचा माणूस. दोरी गुंडाळून ठेवत ते म्हणाले, "आजोबा, तुमची चूक लोकांच्या कामी येऊ द्या. पाकिटावर नावाखाली एक ओळ छापा. गच्चीवर किंवा कठड्याजवळ जनावराला बांधू नका. असं कुणी छापत नाही."

"इंदू लिहील," दादा म्हणाला. "तिचं अक्षर चांगलं हाय."

त्यानंतर आप्पा आठ वर्षं जगले. आमच्या दोघांत तो विषय परत निघाला नाही. माल बघायला कुणी नवीन माणूस आला आणि त्यानं नावाचं विचारलं, की आप्पा आपल्या तोंडानं सांगत, मी आखूड बांधला आणि मेला. ऐकणारा च्‌ च्‌ करायचा. पुढं पुढं गल्लीतली माणसं आपापल्या पोरांना सांगू लागली की आजोबांकडून बघा कशी चूक झाली, जनावराला जपून बांधावं. आप्पा मान डोलावत.

ते गेल्यावर तेराव्या दिवशी मी वहिनींना आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. कुणी बांधला, का बांधला, सगळं. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "वन्सं, आता तरी त्यांच्या चुका आपल्या अंगावर घेऊ नका. गेले ते. सुटले."

मी परत कधी प्रयत्न केला नाही. पाहुण्यारावळ्यांत विषय निघतोच, कारण नाव पाकिटावर आहे, गाडीवर आहे, दारावर आहे. मग वहिनी सांगायला लागतात, की सासऱ्यांच्या हातून असं झालं आणि आमच्या वन्संनी किती माया केली बापावर. मी खाली मान घालून ऐकते. बघणाऱ्याला वाटतं, हिला बापाची आठवण येतेय. ती येतच असते.